लुपस, किडनी आणि आफ्रो-कॅरिबियन पेशंट: पुढं काय होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सतत येतात. इंग्लंड-अमेरिकेत आपल्या कितीतरी घरांत आता जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद अशा कॅरिबियन बेटांकडच्या आफ्रिकन वंशाच्या, म्हणजे आफ्रो-कॅरिबियन, सुना-जावई आहेत, शिवाय इथल्या किडनी वॉर्डांत मराठी नर्स आणि डॉक्टरही भरपूर. मी इंग्लंडमध्ये रीनल युनिटमध्ये म्हणजे किडनीच्या विभागात काम करते, त्यामुळं फोन आला की हाच विषय निघतो, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळी बंद करू नका किंवा डोस बदलू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

लुपसमध्ये किडनीला नक्की काय होतं?

आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. अँटिबॉडी तयार होतात, त्यांचे गुच्छ किडनीतल्या बारीक गाळण्यांमध्ये म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये जाऊन अडकतात, तिथं सूज येते आणि जे प्रोटीन रक्तातच राहायला हवं ते लघवीतून जायला लागतं. याला लुपस नेफ्रायटिस म्हणतात. यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे दुखत काहीच नाही. लघवीला फेस येतो आणि तो फ्लश केल्यावरही पटकन जात नाही, सकाळी डोळ्यांखाली फुगतं, संध्याकाळी मोजे काढले की इलॅस्टिकची खूण घोट्यावर बराच वेळ राहते, आणि पंचविशीतल्या मुलीचं बीपी दीडशेच्या वर जातं. यातलं एकेक वेगवेगळं बघितलं तर कुणालाच काही वाटत नाही, लोक दमलोय म्हणून अंगावर काढतात.

आफ्रो-कॅरिबियन लोकांमध्येच एवढं जास्त का?

लुपस सगळ्यांना होतो, नव्वद टक्के पेशंट बायका असतात, पण प्रमाणात खूपच फरक आहे. दक्षिण लंडनमधला २००१ साली आलेला एक अभ्यास आहे, त्यात दर एक लाख बायकांमागे आफ्रो-कॅरिबियन १७७, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या ११० आणि युरोपियन वंशाच्या ३५, असे आकडे होते. नंतर ब्रिटनमधल्या जीपींच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासात तर कॅरिबियन वंशाच्या लोकांत लाखामागे पाचशेच्या वर केसेस निघाल्या. आणि लुपस झालेल्यांमध्ये किडनीपर्यंत जाण्याचं प्रमाणही यांच्यात जास्त, वयही कमी. बार्बाडोसच्या राष्ट्रीय नोंदवहीत जवळपास निम्म्या पेशंटना किडनीचा त्रास होता. अँटी-स्मिथ, अँटी-आरएनपी अशा लुपसमध्ये दिसणाऱ्या अँटिबॉडीही या लोकांत जास्त वेळा सापडतात.

त्यांचं पुढं जास्त वाईट होतं हे खरं आहे का? खरं काय ते सांगा.

हो, आतापर्यंत तसं होत आलंय. लपवण्यात अर्थ नाही. १९९६ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, त्यात सगळ्यांना सायक्लोफॉस्फमाइड हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं जड औषध मिळालं होतं, म्हणजे औषध तेच, तरी पाच वर्षांनी गोऱ्या पेशंटपैकी सुमारे ९५ टक्क्यांची किडनी चालू होती आणि काळ्या पेशंटपैकी फक्त ५८ टक्क्यांची. हा आकडा वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल, पण तो तीस वर्षांपूर्वीचा आहे आणि तेव्हाची औषधं वेगळी होती हे लक्षात ठेवा.

सगळ्या वंशांचे मिळून विकसित देशांतले आकडे बघितले तर डायलिसिसची वेळ येण्याचा धोका पाच वर्षांत साधारण ११ टक्के, दहा वर्षांत १७, पंधरा वर्षांत २२. म्हणजे बहुतेकांची किडनी टिकते. आफ्रो-कॅरिबियन पेशंटचा धोका या सरासरीच्या वरच धरायचा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या डॉ. डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटानं तीस वर्षांच्या काळात आलेले पेशंट तपासले होते. त्यात पहिल्या दशकाच्या मानानं दुसऱ्या दशकात मृत्यू ६० टक्क्यांनी कमी झाले, पण तिसऱ्या दशकात ते तिथंच थांबले आणि किडनी पूर्ण जाण्याचं प्रमाण तर तिन्ही दशकांत जवळपास तेवढंच राहिलं. मला या विषयातली सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच वाटते, की माणसं वाचवायला आपण शिकलो पण किडनी वाचवणं त्या वेगानं जमलं नाही.

काहीतरी जीन आहे म्हणतात, तो काय प्रकार?

जीनचं नाव एपीओएल-१. त्याचे जी-१ आणि जी-२ असे दोन प्रकार २०१० मध्ये किडनीच्या आजाराशी जोडले गेले. आफ्रिकेत झोपेचा आजार करणारा ट्रिपॅनोसोमा नावाचा परजीवी आहे, त्याच्यापासून हे प्रकार संरक्षण देतात, म्हणून तिथं पिढ्यानपिढ्या ते टिकून राहिले आणि वाढले. कॅरिबियन लोकांचे पूर्वज गुलाम म्हणून नेले गेले ते मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून, त्यांच्यासोबत हे प्रकारही बेटांवर गेले.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही कॉपी आल्या तर किडनीचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी साधारण १३ टक्के लोकांत दोन्ही असतात. लुपसच्या पेशंटमध्ये २०१४ साली बघितलं गेलं तेव्हा दोन्ही कॉपी असलेल्यांत किडनी पूर्ण निकामी होण्याची शक्यता अडीच पटीच्या आसपास निघाली. पण दोन्ही कॉपी असूनही बहुतेक लोकांना आयुष्यभर किडनीचा काहीच आजार होत नाही, आणि ज्यांची किडनी लुपसनं गेली त्यांच्यातही बहुसंख्य लोकांकडे दोन्ही कॉपी नव्हत्या.

या जीनच्या कामालाच अडवणारं इनॅक्सॅप्लिन नावाचं औषध आलंय. २०२३ मध्ये एफएसजीएस या वेगळ्या किडनी आजाराच्या थोड्याच पेशंटवर ते वापरलं तेव्हा लघवीतलं प्रोटीन तेरा आठवड्यांत जवळपास निम्म्यावर आलं. ते लुपससाठीचं औषध नाही, तेव्हा आत्ताच त्यावर डोळे लावून बसू नका.

म्हणजे सगळं रक्तातच आहे, आपल्या हातात काही नाही?

नाही, आणि हे पान लिहायचं खरं कारणच हे आहे. "त्यांच्यात असतंच ते" असं म्हणून डॉक्टर, नातेवाईक आणि कधीकधी पेशंट स्वतःसुद्धा हात टेकतात, ते मला पटत नाही.

बार्बाडोस आणि मार्टिनिक ही बेटं नकाशावर बघा. मधे सव्वादोनशे किलोमीटर समुद्र, दोन्हीकडे चार लाखाच्या आत लोकवस्ती, दोन्हीकडे बहुसंख्य लोक आफ्रिकन वंशाचे, पूर्वज साधारण त्याच किनाऱ्यावरून आलेले. बार्बाडोसमध्ये २००० ते २००९ च्या लुपस पेशंटमध्ये पाच वर्षांनी जिवंत असलेले साधारण ८० टक्के, आणि मृत्यूचं मोठं कारण किडनी. मार्टिनिकमध्ये पाच वर्षांनी जिवंत ९६ टक्के आणि दहा वर्षांनीसुद्धा नव्वदच्या वर. दोन अभ्यासांची वर्षं आणि पद्धत वेगळी आहे, त्यामुळं आकड्याला आकडा लावून भांडता येणार नाही हे मान्य, पण एवढा फरक एकट्या जीननं पडत नाही. मार्टिनिक १९४६ पासून फ्रान्सचा पूर्ण प्रांत आहे, तिथल्या बाईला पॅरिसमधल्या बाईसारखाच आरोग्य विमा मिळतो, आणि जे तिथं होत नाही त्यासाठी फ्रान्सला पाठवायची सोय असते. माझं मत विचाराल तर वेळेवर स्पेशालिस्ट भेटणं, बायोप्सी होणं, महागडं औषध मधेच न तुटणं, या गोष्टींचा वाटा जीनपेक्षा कमी नाही.

इंग्लंडमध्ये उपचार फुकट आहेत तरी फरक दिसतोच. दोन नोकऱ्या करणारी बाई अपॉइंटमेंटला सुट्टी कशी काढणार, आणि घरात आजीला हॉस्पिटलात कुणी धड ऐकून घेतलं नव्हतं ही आठवण असली की नातीचाही डॉक्टरवर विश्वास बसायला वेळ लागतो. हे आळशीपणाच्या खात्यात टाकू नका.

तिच्या चेहऱ्यावर लाल फुलपाखरासारखी रॅश नाही, मग लुपस कसा?

पुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. काळ्या त्वचेवर तीच रॅश लाल दिसत नाही, जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद डाग दिसतो, कधी डाग बरा झाल्यावर मधला भाग पांढरा पडतो, कानाच्या पाळीत आणि डोक्यावर खपल्या धरून केस कायमचे जातात. बऱ्याच जणींचं आधी एक्झिमा म्हणून क्रीमवर वर्ष जातं, आणि त्या वर्षात लघवी कुणी तपासलेलीच नसते. म्हणून माझा हट्ट आहे की सांधे दुखतात, केस जातात, डाग पडलेत आणि थकवा जात नाही, एवढं जुळलं की लघवीची साधी पट्टीची टेस्ट त्याच दिवशी करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

बायोप्सी खरंच लागते का? तिला भीती वाटते.

लागते. पाठीत सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढतात, जागा बधिर करून, मग काही तास पडून राहावं लागतं, लघवीत थोडं रक्त येऊ शकतं. त्यातून किडनीच्या आजाराचा क्लास म्हणजे प्रकार कळतो, एक ते सहा. तीन आणि चार जोरदार सूजेचे, पाचमध्ये प्रोटीन खूप जातं, सहा म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त गाळण्या वाळून गेलेल्या, तिथं जड औषधांचा उपयोग नसतो. उपचार यावरच ठरतो. शिवाय रिपोर्टमध्ये क्रॉनिसिटी इंडेक्स असतो, म्हणजे कायमचं नुकसान किती झालंय ते, त्याबद्दल मुद्दाम विचारा, कारण पुढची वाटचाल त्यावर बरीच अवलंबून असते आणि घाईत तो कुणी समजावून सांगत नाही.

औषध कोणतं चांगलं? सगळ्यांना सारखंच लागू पडतं का?

इथं वंशाची माहिती खरंच उपयोगी पडली. २००९ साली आलेल्या आल्म्स नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये ३७० पेशंटवर मायकोफेनोलेटच्या (याही रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) गोळ्या आणि सायक्लोफॉस्फमाइडचं सलाइन यांची तुलना झाली. एकूण निकाल सारखाच आला, पण गोरे आणि आशियाई सोडून उरलेल्या गटात, ज्यात काळे पेशंट बरेच होते, मायकोफेनोलेटनं ६० टक्के लोकांना गुण आला आणि सायक्लोफॉस्फमाइडनं ३८-३९ टक्क्यांना. तेव्हापासून या पेशंटना बहुतेक ठिकाणी आधी मायकोफेनोलेट देतात. बाळंतपण व्हायचं असलेल्या मुलींसाठी त्याचा आणखी एक फायदा म्हणजे सायक्लोफॉस्फमाइडसारखा अंडाशयावर परिणाम होत नाही.

नवीन औषधांत बेलिमुमॅब आहे, २०२० च्या ट्रायलमध्ये दोन वर्षांनी ते मिळालेल्यांपैकी ४३ टक्क्यांना गुण आला, न मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांना. व्होक्लोस्पोरिन आहे, एका वर्षात ४१ विरुद्ध २३, इंग्लंडमध्ये नाइसनं, म्हणजे कोणते उपचार द्यायचे ते ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. ओबिनुटुझुमॅबची ट्रायल २०२५ मध्ये आली, ४६ विरुद्ध ३३. तिन्ही ट्रायलमध्ये ही औषधं नेहमीच्या उपचाराच्या जोडीला होती, त्याऐवजी नव्हती. आणि ज्यांना हा आजार सगळ्यात जास्त छळतो ते काळे पेशंट या ट्रायलमध्ये त्या मानानं थोडेच असतात. तुमच्या घरातल्या कुणाला ट्रायलसाठी विचारलं तर घाबरून लगेच नाही म्हणू नका, नीट माहिती घ्या आणि मग ठरवा.

स्टेरॉइड लागतातच, पण आता रोजचा डोस पाच मिलिग्रॅमच्या खाली आणायचा प्रयत्न लवकर सुरू करतात.

बीपीच्या गोळीबद्दल एक सांगते, कारण इथं गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये साध्या बीपीसाठी आफ्रो-कॅरिबियन लोकांना आधी ॲम्लोडिपिनसारखी गोळी देतात. पण लघवीतून प्रोटीन जात असेल तर लोसार्टनच्या जातीची गोळी किडनी वाचवण्यासाठी हवीच, निव्वळ वंश बघून ती टाळायची नसते. चिठ्ठीत नसेल तर का नाही ते विचारा.

आता बरं वाटतंय, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद केली तर?

करू नका. या एका उत्तरासाठी मी फोनवर अर्धा-अर्धा तास घालवलाय. लुपसमध्ये कायम घ्यायची ही गोळी लगेच काही जादू दाखवत नाही म्हणून सगळ्यात आधी हीच सुटते, पण लुपस परत उफाळणं आणि किडनीचं नुकसान दोन्ही ती कमी करते, आणि प्रत्येक उफाळ्याला किडनीच्या काही गाळण्या कायमच्या जातात. डोस वजनाप्रमाणे, किलोला रोज ५ मिलिग्रॅमच्या आत, किडनी कमी चालत असेल तर त्याहून कमी. पाच वर्षांनंतर, किडनी अधू असेल तर आधीपासूनच, दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी करायची.

गोळ्या चुकत असतील तर डॉक्टरांना सरळ सांगा. न सांगितल्यामुळं डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, मग जास्त जड औषध सुरू होतं आणि त्याचे त्रास वेगळे. मायकोफेनोलेटनं पोट बिघडतं म्हणून सोडलेल्या कितीतरी जणी असतात, त्यांना डोस विभागून किंवा त्याचाच दुसरा प्रकार देऊन चालतं.

उपचार चाललाय की नाही हे कधी कळतं?

लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून प्रोटीन किती जातंय त्याचा आकडा, बघत राहायचं. तीन महिन्यांत निदान पाव भाग कमी, सहा महिन्यांत निम्मं, आणि वर्षाच्या आसपास दिवसाला ०.५ ते ०.७ ग्रॅमच्या खाली. वर्षाअखेरीला इथं पोचलेल्यांची किडनी पुढं अनेक वर्षं चांगली राहते, हे जुन्या ट्रायलच्या पेशंटना दहा वर्षं बघून कळलंय. प्रोटीन खूप जास्त असलेल्यांना वेळ जास्त लागतो, तेवढा द्यायचा. रिपोर्टांची एक वही ठेवा, तारीख, रेशो, क्रिएटिनिन, बीपी, गोळ्यांचे डोस. हॉस्पिटल बदललं की हीच वही कामाला येते.

जुन्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर जास्त होता, आता अचानक कमी कसा?

ईजीएफआर म्हणजे किडनी किती चालते याचा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (किडनी बाहेर टाकते तो कचरा) काढलेला अंदाज. किडनी खरंच बिघडली असू शकते, आधी ते तपासा. पण एक जुना हिशोबही आहे. पूर्वी पेशंट काळा असेल तर ईजीएफआरला १.१५९ नं गुणायचे, म्हणजे त्याच क्रिएटिनिनवर किडनी १६ टक्के चांगली दिसायची, आणि त्यामुळं स्पेशालिस्टकडे पाठवायला आणि ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घालायला उशीर व्हायचा. ब्रिटनमध्ये नाइसनं २०२१ मध्ये हे काढून टाकलं, अमेरिकेतही त्याच वर्षी नवीन सूत्र आलं आणि २०२३ पासून ज्यांचा वेळ वाया गेला होता त्यांचा यादीतला वेळ मागे जाऊन धरायला सुरुवात झाली. जुने आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवताना क्रिएटिनिन बघा.

मूल होऊ शकतं का?

बहुतेकांना हो, पण ठरवून. आजार निदान सहा महिने शांत हवा. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते किमान सहा आठवडे आधी बंद करून गर्भारपणात चालणाऱ्या ॲझाथायोप्रिनवर यायचं, लोसार्टनसारख्या गोळ्यांचंही डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालूच. बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात. अँटी-रो अँटिबॉडी असेल तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंद होण्याचा १ ते २ टक्के धोका असतो, त्यासाठी बाळाच्या हृदयावर जास्त लक्ष ठेवतात. सासरच्या मंडळींनी लग्नानंतर वर्षभरात गोड बातमीची घाई करू नये, ही माझी हात जोडून विनंती.

डायलिसिसवर गेलं की संपलं का? ट्रान्सप्लांट होतं का?

संपत नाही. किडनी गेल्यावर बऱ्याच जणांचा लुपस थोडा शांत होतो, पण पूर्ण जात नाही, तेव्हा संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाणं सोडू नका. ट्रान्सप्लांट चांगलं चालतं, नवीन किडनीत लुपस परत आला तरी त्यामुळं ती किडनी जाणं विरळाच. अडचण किडनी मिळण्याची आहे. ब्रिटनमध्ये काळ्या आणि आशियाई पेशंटना जास्त थांबावं लागतं, कारण टिश्यू आणि रक्तगट जुळणारे त्यांच्या समाजातले दाते कमी आहेत. हे आपल्या मराठी लोकांनाही तितकंच लागू आहे, तेव्हा घरात अवयवदानाचं बोलून ठेवा. कॅरिबियन नातेवाईक किडनी देणार असेल तर त्याची एपीओएल-१ टेस्ट करायची का हे आधी विचारा, कारण पुढं त्याची स्वतःची एकच किडनी असणार आहे.

मृत्यू किडनीमुळंच होतो का?

नेहमी नाही. आता हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि इन्फेक्शन ही मोठी कारणं आहेत, तीही कमी वयात. म्हणून फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्यायची, जिवंत जंतूंच्या लसी टाळायच्या, सिगारेट बंद, कोलेस्टेरॉल बघायचं, आणि या औषधांवर असताना ताप आला की क्रोसिन घेऊन घरी झोपायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

आम्ही भारतीय आहोत, आम्हाला हे लागू आहे का?

एपीओएल-१ चे ते प्रकार आफ्रिकन वंशातलेच, त्यामुळं त्याची काळजी नको. पण ब्रिटनमधल्या त्याच मोठ्या अभ्यासात भारतीयांमध्येही लुपसचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त होतं, लाखामागे दोनशेच्या जवळ. लघवी, बायोप्सी, गोळ्या हे सगळं तसंच्या तसं लागू.

खाण्यापिण्याचं आणि घरगुती औषधांचं काय?

मीठ कमी करा. जमैकाचं ॲकी-सॉल्टफिश (ॲकी फळ आणि खारवलेला मासा) आणि आपलं सुकट-लोणचं-पापड, दोन्ही घरांकडून मीठच येतं. सॉल्टफिश रात्रभर भिजवून पाणी दोन-तीनदा बदललं तर बरंच मीठ जातं, सणाला थोडं खायला हरकत नाही. कॅरिबियन घरांत सेरसीचा काढा पितात, तो आपल्या कारल्याच्याच जातीचा रानवेल. कुठलाही काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि त्यासाठी गोळ्या सोडू नका. अल्फाल्फाचे मोड आणि एकिनेशियाच्या गोळ्या लुपसमध्ये टाळायच्या. सांधे दुखले की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायची सवय मोडा, किडनीवर ताण येतो, त्याऐवजी पॅरासिटामॉल.

घरच्यांनी काय करायचं?

अपॉइंटमेंटला सोबत जा आणि लिहून घ्या. महिन्यातून एकदा घरी बीपी मोजा, जास्त आलं तर आठवडाभर रोज. लघवीच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, प्रोटीनचा चौकोन पिवळ्याचा हिरवा झाला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता युनिटच्या नर्सला फोन करा, सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन जा.